जुळणाऱ्या भागांचा इतिहास

घरीं स्वतःच्या हातानें संगणक जुळवावा, अशी हौस आतां पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतील मुलामुलींस असते. हौस वाईट नाहीं. बाजारांतून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि कॅबिनेट अशीं सात-आठ पुडकीं आणावयाचीं, एक साधा स्क्रू-ड्रायव्हर घ्यावयाचा आणि एका दुपारींत चालतें यंत्र उभें करावयाचें, यांत बुद्धीस आणि हातास दोहोंसहि खाद्य आहे. परंतु पुडकीं घरीं येण्यापूर्वींच एक प्रश्न पडतो. या वस्तु निरनिराळ्या कारखान्यांत, बहुधा निरनिराळ्या देशांत, आणि एकमेकींशीं चुरस करणाऱ्या कंपन्यांनीं तयार केलेल्या असतात. त्या एकमेकींशीं जुळतील कशा? लग्न ठरवितांना पत्रिका पाहतात, तशी या भागांचीहि पाहावी लागते; फरक इतकाच कीं, येथें छत्तीसांपैकीं अठरा गुण जुळून भागत नाहीं, छत्तीसच्या छत्तीस जुळावे लागतात.

हा प्रश्न विचारला असतां जाणते लोक एक कोष्टक पुढें करतात: अमुक प्रोसेसरास अमुक सॉकेट, अमुक मदरबोर्डास अमुक रॅम. कोष्टक उपयोगाचें आहे, आणि त्याचा विचार पुढें करूंच. पण कोष्टकानें कुतूहल शमत नाहीं. कारण खरें आश्चर्य कांहीं भाग जुळत नाहींत याचें नसून इतके भाग जुळतात याचें आहे. एका कारखान्यांतील पाटी आणि दुसऱ्या देशांतील स्मृतिपट्टी यांनीं एकमेकींत नेमकें बसलेंच पाहिजे, असें पदार्थविज्ञानाच्या कोणत्याहि नियमानें ठरविलेलें नाहीं. तें माणसांनीं ठरविलें. आणि तेंहि मित्रांनीं नव्हे, तर बव्हंशीं प्रतिस्पर्ध्यांनीं. संगणकाच्या पेटींतील प्रत्येक खांच आणि प्रत्येक छिद्र हें अशा एका तहाचें कलम आहे. हा तह कसा झाला, तो कोणीं मोडूं पाहिला आणि मोडूं पाहणारांचें काय झालें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें समजलें म्हणजे कोष्टक पाठ करण्याचें कारण उरत नाहीं, असा आमचा विश्वास आहे.

सुट्या भागांच्या जुळणीचा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. इ. स. १८४१ मध्यें जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें स्क्रूंच्या आट्यांचें एक प्रमाण सुचविलें. तोंपर्यंत जो तो कारखाना आपल्या मर्जीप्रमाणें आटे पाडी, आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढेलच असा भरंवसा नसे. फेब्रुवारी १९०४ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरास मोठी आग लागली, तेव्हां वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया वगैरे ठिकाणांहून आगीचे बंब धांवून आले. पण त्यांतील पुष्कळांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांस बसेनात. माणसें होतीं, पाणी होतें, नळ्या होत्या. नव्हती ती एवढीशी जुळणी. पंधराशेंहून अधिक इमारती त्या आगींत गेल्या. आपल्याकडे मनमाडास रुंद रुळांची आणि मीटर रुळांची अशा दोन गाड्या कित्येक वर्षें शेजारीं शेजारीं उभ्या राहत. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊं शकत नसे. वस्तु नुसती चांगली असून भागत नाहीं, ती शेजारणीशीं जुळावी लागते, आणि ही जुळणी आपोआप होत नसते, हा धडा जगानें असा वेळोवेळीं पैसे मोजून घेतला आहे.

घरगुती संगणकाच्या कथेचा आरंभ जानेवारी १९७५ पासून धरण्यास हरकत नाहीं. त्या महिन्याच्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नांवाच्या यंत्राचें चित्र आलें. न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्की येथील मिट्स ही कंपनी आणि तिचा चालक एड रॉबर्ट्स हे या यंत्राचे जनक. सुट्या भागांच्या संचाची किंमत ३९७ डॉलर. त्यांत इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर आणि अवघ्या २५६ बाइटांची स्मृति. अक्षरें टंकण्यास कळफलक नाहीं, उत्तर दाखविण्यास पडदा नाहीं. दर्शनी बाजूवरील खटके वरखालीं करून आज्ञा द्यावयाची आणि दिव्यांची उघडझाप पाहून उत्तर वाचावयाचें. यंत्र म्हणून तें अपुरेंच होतें. तथापि रॉबर्ट्सनें त्यांत एक दूरदर्शी सोय ठेवली होती. प्रोसेसर, स्मृति वगैरे भाग त्यानें वेगवेगळ्या कार्डांवर बसविले, आणि शंभर स्पर्शबिंदूंच्या एकसारख्या खांचांची रांग करून सारीं कार्डें तींत उभीं केलीं.

या रांगेचा परिणाम रॉबर्ट्सच्या अपेक्षेपलीकडे गेला. खुद्द मिट्सचीं स्मृतीचीं कार्डें बेभरंवशाचीं निघालीं, तेव्हां दुसऱ्या कंपन्यांनीं त्याच खांचेंत बसणारीं चांगलीं कार्डें विकावयास काढलीं. आणि लवकरच 'इम्साइ' नांवाच्या कंपनीनें तर तशाच खांचांचें संपूर्ण यंत्रच बाजारांत आणलें. या मांडणीस 'एस-१००' असें नांव पडलें. पण तिचा लेखी करार कोणापाशींहि नव्हता. शंभरांपैकीं ज्या तारांचें काम मूळ यंत्रांत नेमून दिलेलें नव्हतें, त्यांचा अर्थ प्रत्येक कारखानदारानें आपल्या सोयीनें लावला. आणि मग खांचेंत नीट बसणारें कार्ड यंत्रांत नीट चालेलच असें राहिलें नाहीं. या मांडणीचें अधिकृत प्रमाण आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनें ठरविलें तें १९८३ सालीं. तोंपर्यंत बाजारानें या खांचेकडे पाठ फिरविण्यास प्रारंभ केला होता. बसणें निराळें आणि चालणें निराळें, हा भेद वाचकांनीं येथेंच मनांत धरून ठेवावा. पुढें त्याची वारंवार गरज लागेल.

बाजारास आपल्याकडे ओढणारी नवी मांडणी १२ ऑगस्ट १९८१ रोजीं अवतरली. आयबीएम या बलाढ्य कंपनीनें त्या दिवशीं आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. आयबीएमची परंपरा अशी कीं, यंत्रांतील महत्त्वाचा भाग स्वतःच्या कारखान्यांत करावयाचा. पण फ्लॉरिडांतील बोका रॅटन येथें डॉन एस्ट्रिजच्या हाताखालीं काम करणाऱ्या लहानशा मंडळीला सुमारें एका वर्षाच्या आंत यंत्र उभें करावयाचें होतें. म्हणून त्यांनीं परंपरा बाजूस ठेवून बाजारांत तयार मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि मुख्य पाटीवर बाहेरच्या कार्डांसाठीं पांच मोकळ्या खांचा. याहून मोठी गोष्ट अशी कीं, या यंत्राचे विद्युत्-नकाशे आणि त्याच्या बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू होतांना प्रथम चालणाऱ्या मूळ आज्ञावलीचा, संपूर्ण पाठ त्यांनीं एका पुस्तकांत छापून विकावयास ठेवला. इतरांनीं या यंत्रासाठीं कार्डें करावीं, हा त्यांतील उद्देश होता. संपूर्ण यंत्राची नक्कल होणार नाहीं याची हमी त्यांना बायॉसवरील ग्रंथस्वामित्वाच्या हक्कानें मिळाली होती.

ही हमी दोन वर्षेंहि टिकली नाहीं. टेक्सासमधील कॉम्पॅक या नव्या कंपनीनें नोव्हेंबर १९८२ मध्यें आपलें यंत्र जाहीर केलें आणि पुढील वर्षाच्या आरंभीं तें बाजारांत आणलें. त्यांची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. एका गटानें मूळ बायॉस काय काय करतो याचें वर्णन लिहून काढावयाचें. आणि ज्यांनीं मूळ पाठ डोळ्यांनीं पाहिलेलाहि नाहीं अशा दुसऱ्या गटानें केवळ त्या वर्णनावरून नवा बायॉस रचावयाचा. अक्षर एकहि उचललें नाहीं, वर्तन मात्र तंतोतंत तेंच. १९८४ च्या सुमारास फीनिक्स नांवाच्या कंपनीनें अशाच रीतीनें केलेला बायॉस मागेल त्यास विकण्यास सुरुवात केली, तेव्हां आयबीएमच्या वाड्याचा शेवटचा दरवाजाहि उघडला. ज्याच्यापाशीं भांडवल आणि थोडें कौशल्य असेल, त्यास आतां 'आयबीएमशीं जुळणारा' संगणक करितां येऊं लागला. घरीं संगणक जुळविणारा आजचा विद्यार्थी आपल्या नकळत याच वाटेनें चालत असतो.

त्या काळचे अवशेष आजच्या पेटींतहि दिसतात. १९८१ च्या यंत्रांत दोन खांचांमधील अंतर एक इंच होतें. १९८३ च्या 'एक्सटी' यंत्रांत आठ खांचा बसविण्यासाठीं तें ०.८ इंच करण्यांत आलें. आजच्या कॅबिनेटच्या पाठीमागील पट्ट्या मोजून पाहाव्या. त्यांच्यामधील अंतर तेंच ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर, आहे. खांचेंतील विद्युत्-संकेत अनेकदां बदलले, वेग सहस्रपटींनीं वाढले, पण हें अंतर बदललें नाहीं. कारण तें बदलावें तर जगांतील सर्व पेट्या आणि सर्व कार्डें एकाच दिवशीं बदलावीं लागतील.

उलट, कांहीं वारसे टाकून द्यावे लागले. १९८४ च्या 'एटी' यंत्राच्या पद्धतींत पॉवर सप्लायकडून मुख्य पाटीस वीज नेणारे दोन सारखे दिसणारे जोड शेजारीं शेजारीं बसवावे लागत. दोहोंच्या काळ्या तारा मध्यें एकमेकींस लागून आल्या पाहिजेत, असा नियम होता. डावा जोड उजवीकडे बसला तर पाटी जळण्याचा धोका असे. 'काळ्याशेजारीं काळी' हा मंत्र त्या पिढींतील प्रत्येक जोडणाऱ्यास पाठ करावा लागे. जेथें यंत्राची रचना माणसाच्या स्मरणावर विसंबते, तेथें ती रचना अपुरी समजावी. इंटेलनें जुलै १९९५ मध्यें 'एटीएक्स' हें नवें प्रमाण प्रसिद्ध केलें, तेव्हां या दोन जोडांच्या जागीं वीस पिनांचा एकच जोड आला, आणि त्याची घडण अशी ठेवण्यांत आली कीं, तो उलटा बसूंच नये. पुढें या पिना चोवीस झाल्या. पूर्ण आकाराची एटीएक्स पाटी ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ मिलिमीटर रुंद; तिचीं स्क्रूंचीं छिद्रें कोठें असावींत, हेंहि त्याच प्रमाणानें बांधून दिलें. मदरबोर्ड एका कंपनीचा आणि कॅबिनेट दुसऱ्या कंपनीचें घेऊन आपण निर्धास्त असतों, तें या प्रमाणाच्या आधारावर.

परंतु एटीएक्सपर्यंत येण्यापूर्वीं या तहावर एक मोठें संकट येऊन गेलें. नकला करणाऱ्या कंपन्या आपल्याच मांडणीवर श्रीमंत होत आहेत, हें आयबीएमला सहन होईना. एप्रिल १९८७ मध्यें तिनें 'पीएस-२' हीं नवीं यंत्रें आणलीं आणि त्यांत 'मायक्रो चॅनेल' नांवाची नवी खांच ठेवली. गुणांनीं ती जुन्या खांचेपेक्षां पुष्कळ सरस होती, हें कबूल केलें पाहिजे. पण तिच्यांत जुनें एकहि कार्ड बसत नसे. आणि ती वापरावयाची तर आयबीएमचा परवाना घेऊन त्याचा मोबदला द्यावा लागे. थोडक्यांत, जो रस्ता वहिवाटीनें सार्वजनिक झाला होता, त्यावर टोल बसविण्याचा हा प्रयत्न होता.

याचें उत्तर सप्टेंबर १९८८ मध्यें मिळालें. कॉम्पॅकच्या पुढाकारानें नऊ कंपन्या एकत्र आल्या. एरवीं त्या एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या. पण या प्रसंगीं त्यांनीं मिळून 'आयसा' नांवाची एक नवी खांच जाहीर केली. तिची रचना मोठी चातुर्याची होती. खांचेच्या वरच्या थरांत जुन्या कार्डाचे स्पर्शबिंदु, आणि खालच्या थरांत नव्या कार्डाचे. जुनें कार्ड वरच्या थरापर्यंतच उतरे आणि पूर्वींप्रमाणें काम करी. नवें कार्ड खोल उतरून दोन्ही थरांचा लाभ घेई. गिऱ्हाइकाच्या हातांतील एकहि जुनी वस्तु वायां जाणार नाहीं, हें त्या खांचेनें मुकाट्यानें आश्वासन दिलें. आयसा स्वतः फारशी पसरली नाहीं; ती महाग होती आणि बहुतेक मोठ्या यंत्रांतच राहिली. परंतु मायक्रो चॅनेलचा मार्ग तिनें रोखला. पुढें १९९२ मध्यें इंटेलनें 'पीसीआय' ही खांच पुढें आणली आणि तिचा कारभार एका कंपनीच्या हातीं न ठेवतां अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे सोंपविण्यांत आला, तेव्हां हा प्रश्न कायमचा मिटला. आजची 'पीसीआय एक्स्प्रेस' ही त्याच मंडळाच्या कारभाराखालील खांच आहे. तिच्या एका पिढीचें कार्ड दुसऱ्या पिढीच्या खांचेंत चालतें. वेग काय तो दोहोंपैकीं मंद असेल त्याचा मिळतो.

या घडामोडींचा आपल्या देशाशीं संबंध कसा आला, हें पाहणें उद्बोधक आहे. परकीय भागभांडवलाविषयींच्या कायद्यावरून सरकारशीं मतभेद होऊन आयबीएम १९७८ सालीं येथून निघून गेली होती. त्यामुळें १९८१ चें तिचें यंत्र जगभर गाजत होतें तेव्हां ती स्वतः येथें नव्हती. आपल्याकडे संगणकाचा प्रसार झाला तो मूळ यंत्रापेक्षां त्याच्याशीं जुळणाऱ्या यंत्रांच्या द्वारें. नोव्हेंबर १९८४ च्या सरकारी धोरणानें आयातीवरील बंधनें कांहींशीं सैल केलीं. १९९७ सालीं माहिती-तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारांत आपला देश सामील झाला, आणि त्यानंतर अशा मालावरील जकात टप्प्याटप्प्यानें उतरत गेली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा या व्यापाराचें माहेरघर झाला. तेथें सुटे भाग विकत घेऊन दुकानदाराकडून जुळवून घेतलेल्या यंत्रास आपल्याकडे 'असेंबल्ड' असें विशेषण रूढ झालें. तें कित्येकदां हिणकस अर्थानें वापरलें जाई. पण मध्यम वर्गाच्या घरांत संगणकाचा प्रवेश पुष्कळदां याच दरवाजानें झाला. बोका रॅटन येथें घाईनें घेतलेल्या एका निर्णयाचें फळ असें गिरगांवाच्या शेजारीं येऊन पिकलें.

येथवरची हकीकत वाचून तह सर्वत्र पूर्ण झाला आहे असा कोणाचा समज होईल, तर तो बरोबर नव्हे. प्रोसेसरच्या बाबतींत तह झाला होता, पण तो मोडला. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबावयाचें नव्हतें. त्या आग्रहापायीं इंटेलनें १९८२ च्या करारानें एएमडी या कंपनीस आपले प्रोसेसर करण्यास मुभा दिली. पुढें दोघांचें बिनसलें. तरीहि १९९० नंतरच्या दशकांत 'सॉकेट ७' नांवाची बैठक अशी होती कीं, तींत इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिघांचेहि प्रोसेसर बसत. मे १९९७ मध्यें इंटेलनें 'पेंटियम २' आणला आणि त्यासाठीं आपल्या पेटंटांनीं संरक्षित अशी निराळी बैठक केली. एएमडीनें १९९९ मध्यें 'अॅथलॉन' प्रोसेसर काढला तो दिसावयास तशाच, पण विद्युत्-दृष्ट्या निराळ्या बैठकीवर. तेव्हांपासून या दोन घराण्यांचा बेटीव्यवहार बंद आहे. म्हणून प्रथमच संगणक जुळविणारानें पहिला निर्णय करावयाचा तो प्रोसेसरचा. आणि तो ठरला कीं मदरबोर्डाची निवड आपोआप अर्धी होऊन जाते.

अर्धी म्हणण्याचें कारण असें कीं, बैठकीचें नांव एक असून भागत नाहीं. इंटेलनें २०१७ सालीं आठव्या पिढीचे प्रोसेसर बाजारांत आणले, तेव्हां त्यांच्या बैठकीचें नांव पूर्वींचेंच, एलजीए ११५१, होतें आणि पिनांची संख्याहि तीच. पण आधींच्या मदरबोर्डांवर ते चालत नसत. एएमडीच्या 'एएम-४' या बैठकीचा अनुभव याहून सुखाचा आहे. २०१७ पासून पुढें अनेक पिढ्यांचे प्रोसेसर तींत बसले. मात्र जुन्या पाटीवर नवा प्रोसेसर चालविण्यापूर्वीं तिचा बायॉस अद्ययावत् करावा लागे, आणि तसें न केल्यास यंत्र निश्चल राही. म्हणून मदरबोर्डाच्या कंपनीनें प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी आणि त्यापुढील बायॉसचा क्रमांक वाचल्यावांचून पैसे मोजूं नयेत. अल्टेअरच्या वेळचा तोच भेद येथें पुन्हां उभा राहतो: बसणें निराळें, चालणें निराळें.

स्मृतीच्या बाबतींत तह अधिक शहाणपणाचा झाला आहे. जेडेक या संस्थेंत अनेक कारखानदार एकत्र बसून स्मृतिपट्ट्यांचें प्रमाण ठरवितात. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांस २८८ स्पर्शबिंदु आहेत; पण पट्टीच्या कडेची खांच दोहोंत निराळ्या जागीं ठेवलेली असल्यामुळें एक दुसरीच्या जागीं बसतच नाहीं. अनाडी हातासहि चूक करितां येऊं नये, अशीच ही योजना आहे. येथेंहि तह मोडण्याचा एक प्रयत्न झाला. १९९९ च्या अखेरीस इंटेलनें रॅम्बस या कंपनीच्या निराळ्या आणि महाग स्मृतीचा पुरस्कार केला. पण ती महाग पडली, स्मृति करणाऱ्या बहुतेक कारखानदारांचा ओढा जेडेकच्या प्रमाणाकडे राहिला, आणि थोड्याच वर्षांत इंटेललाहि त्या प्रमाणाकडे परतावें लागलें. पुढें २००४ मध्यें एटीएक्सच्या जागीं 'बीटीएक्स' ही मांडणी आणण्याचा इंटेलचा प्रयत्नहि असाच फसला; ज्या कंपनीनें एटीएक्स दिलें, तिलाच तें परत घेतां आलें नाहीं. तह एकदां लोकांच्या वहिवाटींत मुरला कीं तो करणाराच्याहि मालकीचा राहत नाहीं.

आतां त्या कोष्टकाकडे वळूं. इतिहासावरून निवडीचा क्रम सहज ठरतो. प्रथम प्रोसेसर, मग त्याच्या बैठकीचा आणि त्याच्या यादींत नांव असलेला मदरबोर्ड, मग तो मदरबोर्ड मागेल त्या पिढीची रॅम. एलजीए १७०० या बैठकीचे कांहीं मदरबोर्ड डीडीआर-४ मागतात, कांहीं डीडीआर-५; प्रोसेसर तोच असूनहि हा भेद राहतो. त्यानंतर पाटीच्या आकारास पुरणारें कॅबिनेट. आणि त्यांत ग्राफिक्स कार्डाची लांबी व प्रोसेसरवरील पंख्याची उंची मावते कीं नाहीं, हें फूटपट्टीनें पाहावें. एसएसडीची एम.२ ही बारीक पट्टी घेतांना ती साटा पद्धतीची कीं एनव्हीएमई पद्धतीची, आणि पाटीवरील जागा त्यांपैकीं कोणती पद्धत जाणते, हें वाचावें. कारण येथेंहि बसणें आणि चालणें यांत अंतर पडूं शकतें.

शेवटीं पॉवर सप्लाय, ज्यास आपल्याकडील दुकानदार एसएमपीएस म्हणतात. काटकसर करावयाची झाल्यास ती इतरत्र करावी, येथें नव्हे. त्याची शक्ति सर्व भागांच्या एकूण मागणीहून बऱ्यापैकीं अधिक असावी. शिवाय एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ज्या पॉवर सप्लायच्या तारा दोन्ही टोंकांनीं सुट्या होतात, त्याच्या तारा दुसऱ्या पॉवर सप्लायला कधींहि लावूं नयेत. पाटीकडील टोंकाचें प्रमाण तहानें ठरलेलें आहे. पॉवर सप्लायकडील टोंकाचें तसें कोणतेंहि सर्वमान्य प्रमाण नाहीं. तार सहज बसते आणि भलत्याच पिनेवर भलताच विद्युद्दाब नेऊन बहुमोल भाग जाळूं शकते. तह जेथें संपतो ती सीमारेषा डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच ती माहीत असावी लागते. आणि तह झालेला असला तरी तो निर्दोष असतोच असें नाहीं: २०२२ सालीं ग्राफिक्स कार्डांसाठीं आलेल्या, ६०० वॅटपर्यंत वीज नेणाऱ्या नव्या जोडाचे कांहीं नमुने नीट न बसल्यामुळें वितळले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याची रचना सुधारावी लागली.

या सर्वांवर एक आक्षेप घेतां येईल, आणि तो न्याय्य आहे. एवढा खटाटोप कशासाठीं? १९८४ च्या मॅकिंटॉश यंत्रांत वाढीव कार्डांसाठीं एकहि खांच नव्हती, त्याची पेटी उघडण्यास निराळाच लांब स्क्रू-ड्रायव्हर लागे. तरी तें लोकांस आवडलें. आज कित्येक लॅपटॉपांत स्मृति पाटीवरच डाखलेली असते. त्यानें यंत्र पातळ होतें, वीज कमी लागते, स्मृति प्रोसेसरच्या निकट राहून वेगहि साधतो. हे लाभ खोटे नाहींत, आणि ज्यास केवळ काम करावयाचें आहे त्यानें असें यंत्र घेण्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु त्यांत एक वस्तु गमवावी लागते, तिचा हिशेब किंमतीच्या चिठ्ठीवर नसतो. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलावा, गरज वाढली तर तेवढीच भर घालावी, आणि हें सर्व मूळ विक्रेत्याच्या परवानगीवांचून करितां यावें, हा तो हक्क होय. आपल्या आजोबांच्या पिढीनें शिवणयंत्राची सुई किंवा सायकलची साखळी बदलतांना कोणाची परवानगी विचारली नव्हती.

हा हक्क कोणत्याहि कायद्यानें दिलेला नाहीं. मासिक वाचून अल्टेअर मागविणारे हौशी लोक, बायॉसचें वर्णन लिहून काढणारे अभियंते, एकत्र आलेल्या त्या नऊ कंपन्या, आणि जुनें कार्ड टाकून देण्यास नकार देणारीं असंख्य गिऱ्हाइकें, या सर्वांनीं मिळून तो निर्माण केला. आणि प्रतिस्पर्ध्यांस एकमेकांची गरज आहे, तोंपर्यंतच तो टिकेल. ज्या दिवशीं गिऱ्हाइकें सुटे भाग मागणें सोडतील, त्या दिवशीं हा तह कोणीं न मोडतां आपोआप गळून पडेल. घरांतील एखादी मुलगी प्रोसेसरच्या यादींत बायॉसचा क्रमांक शोधीत बसली असेल, किंवा कॅबिनेटला फूटपट्टी लावून पाहत असेल, तर तिला तो वेळ वायां जात आहे असें कोणीं म्हणूं नये. तह कागदावर जितका टिकतो, त्याहून अधिक तो अशा वापरानें टिकतो.